सूज उतरली, पण हाडाचं काय? (आमवात, सायटोकाइन आणि हाडांची झीज)

दगडफूल

गुडघेदुखीच्या धाग्यावर परवा एक प्रतिसाद आला होता: "दुखायचं थांबलं ना? मग झालं. आजार गेला." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. वयोमानाने गुडघे झिजतात त्याबद्दल त्या धाग्यावरच बोलू. पण आमवात, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो आजार, डॉक्टर ज्याला आरए (रुमटॉइड आर्थ्रायटिस) म्हणतात, त्यात हे वाक्य सपशेल चुकीचं आहे. दुखणं, सूज आणि हाड खाल्लं जाणं या तिन्ही गोष्टी बहुतेकदा बरोबरच दिसतात, पण एक थांबली म्हणून दुसरी थांबेलच असं नाही. कसं ते सांगतो.

आधीच सांगून ठेवतो: मी डॉक्टर नाही. इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढली आहेत, एवढंच. डोस विचारू नका.

हाड म्हणजे एकदा घडलं की संपलं, असं काही नसतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने बांधला जातो. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, नवं बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. यातली खरी गंमत अशी की ऑस्टिओक्लास्ट ही मुळात हाडाच्या कुळातली पेशीच नाही. तिचा जन्म रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजची ती सख्खी नातलग. बऱ्याच पूर्वपेशी एकमेकींत विरघळतात आणि अनेक केंद्रकांची एकच अजस्र पेशी तयार होते.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं. उंदराच्या मज्जेतल्या पेशी घ्यायच्या, दोन प्रथिनं घालायची आणि आठवडाभर थांबायचं. मग या पेशींतल्या ट्रॅप नावाच्या विकराला रंगवणारं रंजक टाकलं की बशीच्या तळाशी जांभळट लाल, पसरट, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात. मधे केंद्रकांची गर्दी. बशीत हाडाची पातळ चकती ठेवली असेल तर पेशी पुसून काढल्यावर खाली खड्डे उरतात. ही पेशी हाडाला कडेकडेने घट्ट चिकटते, आतल्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते, खनिज विरघळवते आणि मग कॅथेप्सिन-के या विकराने उरलेलं कोलॅजन तोडते. पहिल्यांदा ते खड्डे पाहिले तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं.

आता मुद्दा. त्या दोन प्रथिनांपैकी एक म्हणजे रँक-एल. १९९७-९८ या दोन वर्षांत वेगवेगळ्या गटांना ते वेगवेगळ्या वाटांनी सापडलं. कुणी हाडांवर काम करत होतं, कुणी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवर. पूर्वपेशीवर रँक नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, रँक-एल त्यावर बसलं की पेशीला ऑस्टिओक्लास्ट व्हायचा हुकूम मिळतो. याला आवर घालायला शरीराकडे ऑस्टिओप्रोटेजेरिन आहे, ते रँक-एलला वाटेतच पकडून ठेवतं. हाड किती खाल्लं जाणार ते या दोघांच्या प्रमाणावर ठरतं.

निरोगी शरीरात रँक-एल मुख्यतः हाडातल्याच पेशी बनवतात, मोजूनमापून. आमवातात सांध्याचं आतलं अस्तर सुजतं, जाड होतं. त्यात टी-पेशी, मॅक्रोफेज आणि अस्तराच्या स्वतःच्या फायब्रोब्लास्ट पेशी जमतात आणि सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देतात ती प्रथिनं, सोडू लागतात: टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-१७. हे सगळे निरोप वेगवेगळ्या दारांनी जातात पण पोचतात एकाच ठिकाणी. फायब्रोब्लास्टना ते भरमसाट रँक-एल बनवायला लावतात. टीएनएफ तर त्यापुढे जातो: थोडं रँक-एल आधीच हजर असेल तर तो पूर्वपेशीला थेट ढकलतो. आणि हे होतं कुठे? सांध्याच्या कडेला, जिथे अस्तर हाडाला भिडतं आणि मधे कूर्चेचं आवरण नसतं. आमवाताच्या एक्स-रेत बोटांच्या पेरांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात त्या तिथेच.

बरं, नुसतं खाणं वाढत नाही, बांधणंही बंद पडतं. टीएनएफमुळे डीकेके-१ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते ऑस्टिओब्लास्टला लागणारा संदेश अडवतं. म्हणून तिथला खड्डा आपोआप भरून येत नाही.

आता तो प्रयोग, ज्याच्यासाठी हा धागा काढला. १९९९ साली नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेला. उंदरांच्या मोठ्या भावंडांना, म्हणजे रॅट जातीला, कृत्रिम संधिवात दिला आणि त्यांना ऑस्टिओप्रोटेजेरिन टोचलं. पाय सुजायचे ते सुजलेच, दाह होता तेवढाच राहिला. पण हाडं वाचली. सूज आणि हाडाची हानी यांच्यामधली तार कापता येते, हे इतकं स्वच्छ त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. तार एका बाजूने कापता येत असेल तर दुसऱ्या बाजूनेही तुटू शकते, नाही का? म्हणजे दुखणं दबलंय आणि आत खाणं चालूच आहे.

---

बटाटेवडा

जागा धरून ठेवतो. ऑफिसात वाचण्यासारखं नाही हे, घरी जाऊन चहाबरोबर वाचतो.

---

चिंचगुळे

मस्त लिहिलंय. म्हणजे नगरपालिकेचा रस्ता खोदणारा ठेकेदार वेळेवर येतो आणि बुजवणारा येतच नाही, असंच ना?

पण एक शंका. प्रतिकारशक्तीला हाडाशी देणंघेणंच काय? जंतू मारायचं काम सोडून ती हाडं पोखरायची ऑर्डर का देते? उत्क्रांतीत असली भानगड टिकलीच कशी?

---

दगडफूल

@चिंचगुळे, ठेकेदार पटला. (पुढे मात्र उपमा नकोत, नाहीतर धागा खड्ड्यांकडे वळेल.)

शंका चांगली आहे. पहिलं म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बहुतेक पेशी जन्मतात हाडाच्याच आत, मज्जेत. शेजार जन्मापासूनचा आहे. दुसरं, रँक-एल हे फक्त हाडाचं प्रथिन नाहीच. ज्या उंदरांत ते जनुक काढून टाकलं त्यांची हाडं दगडासारखी भरीव झाली, दात हिरडीतून वर आले नाहीत, हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्यात लसीका ग्रंथीही तयार झाल्या नाहीत. आणि माद्यांच्या स्तनग्रंथी गरोदरपणात दुधासाठी तयार होईनात. एकच रेणू सांगाडा, प्रतिकारशक्ती आणि अंगावरचं दूध अशा तिन्हीकडे वापरला गेलाय. आईच्या हाडातलं कॅल्शियम दुधात जातं हे लक्षात घेतलं की तो वापर अगदीच अतार्किक वाटत नाही.

आणि प्रतिकारशक्ती हाडाला फक्त त्रासच देते असंही नाही. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, तो रँक-एलचा आतला संदेश मोडतो, असं जपानमधल्या ताकायानागी यांच्या गटाने २००० साली दाखवलं. ब्रेक आहेत. दीर्घ दाहात ते पुरे पडत नाहीत, एवढंच. या सगळ्या अभ्यासाला त्याच वर्षी ऑस्टिओइम्युनॉलॉजी हे नाव पडलं.

---

दातकोरणं

आमच्या धंद्यातली गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. हा सगळा शोध सुरू झाला तो दातांवरच्या किटणापासून!

१९७२. अमेरिकेच्या दंतसंशोधन संस्थेतल्या मंडळींनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या, त्यांना दातांवरचं किटण दाखवून चिडवलं आणि त्या पेशी ज्या द्रवात वाढल्या तो गाळून घेतला. पेशी नाहीत, फक्त द्रव. तो रॅटच्या गर्भाच्या हाडांवर घातला. त्या हाडांत आधीच किरणोत्सारी कॅल्शियम भरलेलं होतं. हाडातून कॅल्शियम बाहेर पडू लागलं! म्हणजे पांढऱ्या पेशी असं काहीतरी सोडतात की ज्याने हाड विरघळतं. ते 'काहीतरी' मुख्यतः आयएल-१ होतं हे कळायला १९८५ उजाडलं.

आता पायरियाकडे या. पेशंट खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, दात हलतोय, पण दुखत मात्र कधीच नव्हता." मी एक्स-रे लावतो. मुळाच्या निम्म्यापर्यंत हाड गेलेलं असतं. हिरडीतून ब्रश करताना रक्त यायचं, ते "गरम पडलं असेल" म्हणून सोडून दिलेलं. दगडफूल म्हणतात ती दुसरी बाजू, दुखणं नाही आणि हाड चाललंय, ती मी रोज सकाळी दहापासून बघतो. हिरडीतल्या टी आणि बी-पेशी रँक-एल सोडतात, दाताच्या मुळाभोवतीचं हाड खाली खाली सरकतं. जंतू स्वतः हाड खात नाहीत. खातो आपलाच माणूस.

मधुमेह आणि तंबाखू दोन्ही हे वाढवतात. गावाकडच्या आज्या मिसरी लावून दात "घट्ट" करतात, त्यांच्या हिरड्या किती उतरलेल्या असतात ते बघून वाईट वाटतं.

आणि पायरिया व आमवात यांचं नातं नुसतं साम्याचं नाही. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या पायरियातल्या जंतूकडे एक विकर आहे, ते प्रथिनांत असा बदल करतं की शरीर त्यांना परकं समजू शकतं. आमवातात जी अँटी-सीसीपी तपासणी करतात ती अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीची. पायरियामुळेच आमवात होतो असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण आमवाताच्या पेशंटने हिरड्या दाखवून घ्याव्यात, हे नक्की म्हणेन.

(आमच्याकडे 'ओपीजी काढून आणा' म्हणतात तो जबड्याचा एक्स-रे. ऑस्टिओप्रोटेजेरिनचं लघुरूपही तेच आहे. गोंधळ नको.)

---

शेवंती

दगडफूल, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

मला आरए आहे. सुरुवात झाली तेव्हा सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. कुकरचं झाकण काढायला मुलाला हाक मारायची. पाटल्या हातातच अडकून बसल्या, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली. तासाभरात हात हलायचे, शाळेत फळ्यावर लिहिता यायचं. त्यामुळे बरं चाललंय असंच घरात सगळ्यांना वाटत होतं.

मग शहरात सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातांबरोबर पायांचाही एक्स-रे काढायला सांगितला. मी म्हटलं, पाय तर दुखतच नाहीत. फिल्म दिव्यावर लावून त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. करंगळीच्या बोटाच्या मुळाशी, हाडाच्या गोल डोक्याच्या बाहेरच्या कडेला, एक छोटी खाच. हातांच्या एक्स-रेत तसं काहीच नव्हतं. ते म्हणाले, बऱ्याच जणांत पहिली खाच इथेच पडते, म्हणून पाय बघायचेच.

आता रविवारची गोळी चालू आहे. आमवातावर मेथोट्रेक्झेट घेणाऱ्यांना कळेल. :)

---

मोगरा_२

शेवंतीताई, काळजी घ्या. 🌼

माझा बाळबोध प्रश्न: मग कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्व, नाचणी हे सगळं वाया का? सासूबाईंना आरए आहे, त्या रोज नाचणीचं सत्त्व घेतात आणि म्हणतात हाडं मजबूत आहेत माझी.

---

निवडुंग

अपेक्षेप्रमाणे धागा औषध कंपन्यांच्या दिशेने चालला आहे.

रॅटवर प्रयोग झाला, छान. रॅटचे अभिनंदन. माणसात काय? सूज आहे तशी आणि हाडं वाचली, असं एका तरी माणसात दाखवलंय का? आणि आमवातावर ही जी बायोलॉजिकल का काय इंजेक्शनं देतात त्यांची किंमत बघा एकदा. आमच्या आजीने सुंठ-एरंडेल घेऊन नव्वदी गाठली. सायटोकाइनचं नाव तिने ऐकलं नव्हतं.

---

बटाटेवडा

निवडुंगराव आले, आता धागा शंभरी गाठणार.

---

दगडफूल

@निवडुंग, आजींना नमस्कार. त्यांना आमवात होता का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

माणसातला पुरावा मागितलात, योग्यच केलंत. तीन गोष्टी सांगतो.

टीएनएफ अडवायची कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी पुढे नेली. मैनी जन्माने लुधियानाचे. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या आमवाताच्या रुग्णांना टीएनएफविरोधी अँटिबॉडी दिली गेली, तीच पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून बाजारात आली. २००० साली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: ४२८ रुग्ण, नुसतं मेथोट्रेक्झेट विरुद्ध मेथोट्रेक्झेट अधिक इन्फ्लिक्सिमॅब, ५४ आठवडे. इन्फ्लिक्सिमॅबच्या गटात एक्स-रेवरची हानी जवळपास थांबली. पण माझ्या दृष्टीने खरी बातमी नंतरच्या विश्लेषणात होती. ज्यांची सूज-दुखणं फारसं कमी झालंच नाही, औषध "लागू पडलं नाही" असं ज्यांच्याबाबत म्हटलं असतं, त्यांच्यातही हाडांची हानी नुसत्या मेथोट्रेक्झेटवाल्यांपेक्षा कमी होती!

दुसरी, आणि तुमच्या प्रश्नाचं अगदी थेट उत्तर: डेनोसुमॅब. ही रँक-एललाच पकडणारी अँटिबॉडी. २००८ मध्ये आमवाताच्या रुग्णांतली चाचणी प्रसिद्ध झाली, मेथोट्रेक्झेटबरोबर दर सहा महिन्यांनी एक टोचणी. हाडाच्या खाचा वाढायच्या कमी झाल्या. सुजेवर परिणाम शून्य. कूर्चेवरही नाही, म्हणजे दोन हाडांमधली फट कमी होत जायची ती होतच राहिली. रॅटमध्ये कूर्चाही वाचली होती, माणसात ते जमलं नाही. तरी हाडाच्या खाचांसाठी जपानने २०१७ मध्ये आमवातात हे औषध मंजूर केलं.

तिसरी गोष्ट उलट्या बाजूची. बशीत आयएल-१७ हे ऑस्टिओक्लास्ट बनवायला जबरदस्त सायटोकाइन आहे. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात ते भरपूर असतं, हे १९९९ मध्येच दाखवलं होतं. सगळ्यांना वाटलं, हे अडवलं की जिंकलो. प्रत्यक्षात आयएल-१७ अडवणारी औषधं आमवातात मागे पडली. सोरायसिसमध्ये आणि मणक्याच्या संधिवातात मात्र उत्तम चालली. म्हणजे बशीतल्या निकालावर आंधळा विश्वास ठेवू नये हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे.

किमतीबद्दल: मेथोट्रेक्झेट जुनं आणि स्वस्त आहे आणि तेही खाचा पडण्याचा वेग कमी करतं. उपचार तिथूनच सुरू होतात. अडालिमुमॅब या टीएनएफविरोधी औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली जवळपास तशीच आवृत्ती) भारतात निघालं, २०१४ च्या डिसेंबरात, अहमदाबादच्या झायडसने काढलं. तरी बऱ्याच घरांना ते परवडत नाही, हेही खरं.

आणि आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर "कुठे मिळेल" म्हणून जे फिरत होतं तेच. ते मुळात कोविडसाठी बनलेलंच नव्हतं, आमवाताच्या रुग्णांना आधीपासून देत होते.

---

पाणचक्की

सांध्यांच्याच विभागात काम करते. वेळ कमी आहे, थोडक्यात लिहिते.

@मोगरा_२: वाया नाही, पण दुसऱ्या कामाचं आहे. कॅल्शियम आणि ड हा कच्चा माल. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, चांगलंच आहे. पण रँक-एलचा हुकूम सुटलेला असताना कच्चा माल कितीही टाकला तरी सांध्याच्या कडेची खाच त्याने थांबत नाही. सासूबाईंना सत्त्व घेऊ द्या, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मात्र एकदा करून घ्या. फ्रॅक्चरचा धोका मोजण्याचं जे फ्रॅक्स नावाचं कोष्टक आहे त्यात आमवात हा वेगळा रकाना आहे. उगीच नाही.

दुखण्याबद्दल दगडफूल बरोबर बोलतात, पण एक गाळलेली जागा भरते. वेदनाशामक वेगळं आणि स्टिरॉइड वेगळं. वेदनाशामक गोळी सांध्याची हानी थांबवत नाही. स्टिरॉइडचं तसं नाही. सुरुवातीच्या आमवातात रोज ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन वर्षं देऊन बघितलं होतं, १९९५ मध्ये निकाल आले, खाचा कमी पडल्या. मग वाईट काय? तीच गोळी सगळ्या सांगाड्यात बांधणाऱ्या पेशींना मारते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. सांध्याची कड वाचते आणि मणका बसतो. म्हणून कमीत कमी डोस, कमीत कमी काळ. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिने किंवा जास्त चालणार असेल तर हाडांचा हिशेब आधी करायचा.

आणि @शेवंती, "रविवारची गोळी" हे कायम तसंच म्हणा. आठवड्यातून एकदा. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, केमिस्टच्या हस्ताक्षरावर विसंबू नका.

---

सह्यकडा

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात आहे. माझा गोंधळ वेगळाच आहे. माझ्या पाठीत हाड जास्त झालंय. मणके एकमेकांना जोडले जातायत, मान वळवायला अख्खं धड वळवावं लागतं. आणि डॉक्टर म्हणतात हाडं विरळ आहेत. एकाच पाठीत हाड जास्त पण आणि कमी पण? सुरुवातीची डेक्सा तर नॉर्मल होती.

---

पाणचक्की

@सह्यकडा, दोन्ही खरं आहे. मणक्याच्या आत जाळीदार हाड असतं ते दाहाने विरळ होतं. बाहेर, जिथे अस्थिबंध हाडाला चिकटतात, तिथे नवं हाड उगवतं आणि पूल बांधतं. त्या पुलाला ताकद नाही. म्हणून तुमच्यासारख्यांचा मणका साध्या पडण्यानेही मोडू शकतो. मोटारसायकल जपून.

कमरेची डेक्सा नॉर्मल आली कारण यंत्र समोरून बघतं, बाहेरचं उगवलेलं हाडही मोजतं. खुब्याचा आकडा बघायला सांगा.

---

दगडफूल

यात थोडी भर. वर डीकेके-१ लिहिलं होतं ना, त्यावर २००७ मध्ये एक भन्नाट प्रयोग आला. उंदरांना टीएनएफने होणारा संधिवात होता, हाड खाणारा. त्यांच्यात डीकेके-१ अडवलं. हाड खाल्लं जायचं थांबलं आणि सांध्याच्या कडेला नवं हाड उगवायला लागलं! म्हणजे आमवातासारखं हाड खाणारं चित्र हाड उगवणाऱ्या संधिवातासारख्या चित्राकडे सरकलं. दाह तोच, पुढचा एक संदेश बदलला आणि निकाल उलटा. आमवातात सांधा कुरतडला का जातो आणि सह्यकडांच्या पाठीत पूल का बांधले जातात, याचं पूर्ण उत्तर यात नाही, पण दिशा आहे.

---

तिठा

सावंतवाडीकडून. आमच्याकडे संधिवातावर 'पुड्या' मिळतात. कसला कागद नाही, नाव नाही. तात्यांनी घेतल्या, आठ दिवसांत टुणटुणीत. चेहरा गोल झाला, साखर वाढली. कितीही सांगा, "माका तीच पुडी लागू पडता" हे ठरलेलं उत्तर. वरचं वाचून आता पुडीत काय असावं ते कळतंय.

दुसरं, चिकनगुनियानंतर वर्षभर सांधे धरलेले लोक इथे वाडीवाडीवर आहेत. त्यांची हाडं पण खातात का हे सायटोकाइन?

---

पाणचक्की

पुडी एकदम बंद करू नका!! गोल चेहरा आणि वाढलेली साखर म्हणजे स्टिरॉइडचा दाट संशय. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. तात्यांना पुडीसकट डॉक्टरांकडे न्या.

चिकनगुनिया: बहुतेकांचे सांधे दुखतात, सुजतात, पण कुरतडले जात नाहीत. उंदरांत मात्र या विषाणूने रँक-एल आणि ओपीजीचं प्रमाण बिघडतं असं दिसलंय. सूज काही महिने हटत नसेल तर "चिकनगुनियाच असेल" म्हणत बसू नका, अँटी-सीसीपी करून घ्या. आमवात त्याच सुमाराला सुरू झालेला असू शकतो. आपल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती, त्यात साधारण अर्धा टक्का लोकांना आमवात निघाला. गाव पाच-सहा हजारांचं असेल तर पंचवीस-तीस माणसं. दुर्मीळ अजिबात नाही.

---

चिंचगुळे

भिगवण म्हणजे फ्लेमिंगो एवढंच माहीत होतं!

---

निवडुंग

पायरियाची आणि १९७२ ची माहिती आवडली. बाकी एक प्रश्न. टीएनएफ एवढा वाईट असेल तर सगळ्यांचाच अडवून टाका की. शरीराने तो बनवला कशाला? तुम्ही लोक फायदे सांगता, तोटे कुणी लिहीत नाही.

---

पाणचक्की

लिहिते. टीएनएफ क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतो. तो अडवला की झोपलेला क्षय उठू शकतो. २००१ मध्येच इन्फ्लिक्सिमॅबनंतरच्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली होती, आणि आपल्याकडे तर सुप्त क्षय घरोघरी. म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी, त्याशिवाय सुरुवात नाही. खोकला, बारीक ताप, वजन घटणं, काहीही झालं तरी पुढचा डोस थांबवून फोन करायचा.

डेनोसुमॅबचा तोटा वेगळा. ते चालू आहे तोवर खाणाऱ्या पेशी गप्प. डोस चुकला की त्या एकदम उसळतात आणि एकाच वेळी दोन-तीन मणके बसलेले पेशंट मी पाहिले आहेत. सुरू करताना "थांबवायचं झालं तर पुढे काय देणार" हे विचारून घ्यायचं. आणि दातांचं मोठं काम असेल तर आधी उरकायचं.

---

दातकोरणं

+१. दात काढायचा असेल तर डेनोसुमॅबआधी या. नंतर आलात आणि सांगितलं नाहीत तर जबड्याच्या हाडाची जखम भरता भरत नाही. क्वचित होतं, पण झालं की फार वाईट.

---

शेवंती

माझ्या मनातला प्रश्न राहिलाच. पडलेली खाच भरून येते का? आणि मी गेली काही वर्षं बरी आहे, सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी तपासणी) नॉर्मल, दुखत नाही. तरी डॉक्टर वर्षाला एक्स-रे काढायला लावतात. गरज आहे का?

---

दगडफूल

ताई, सूज पूर्ण आटोक्यात राहिली तर काही खाचा थोड्या भरतात, बारीक सीटी स्कॅनवर तळाशी नवं हाड दिसतं. पूर्वीसारखी कड मात्र सहसा परत होत नाही. औषधांचा भर नवी खाच पडू नये यावर असतो.

एक्स-रेबद्दल तुमचे डॉक्टर ठरवतील. मी एवढंच सांगतो की सीआरपी हे यकृत बनवतं, मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून. एका छोट्या सांध्यात बारीक धग असेल तर रक्तात ते उतरेलच असं नाही. शिवाय अँटी-सीसीपी जातीच्या अँटिबॉडी स्वतःच ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वपेशींना चिथवू शकतात असं २०१२ मध्ये दिसलं, आणि ज्यांच्या रक्तात त्या आहेत पण सांधे अजून दुखत नाहीत अशा लोकांची हाडंही थोडी विरळ झालेली २०१४ च्या सुमारास सापडली. सूज नाही, वेदना नाही, तपासणीला यायचं कारणही नाही, आणि काम सुरू झालेलं.

---

शेवंती

बरं. मग पुढच्या महिन्यात काढते. पायांचाही.

---

मोगरा_२

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. डेक्साला तयार आहेत. अट एकच, नाचणीचं सत्त्व बंद करायला सांगायचं नाही.